शेवटची पंधरा मिनिटं

तुम्ही तिसरीच्या बाकावर कधी बसला आहात का? एकदा बसून बघा. गुडघे हनुवटीपर्यंत येतात, पाठ टेकायला काही नसतं आणि बाकाच्या फटीत साडीचा पदर हमखास अडकतो. मी अकरा वर्षं असल्या बाकांवर बसले. मांडीवर फाइल, फाइलवर छापील नमुना, हातात लाल पेन. नात्यातल्या लग्नात कुणीतरी विचारायचंच, "म्हणजे तुम्ही शिकवत नाही? नुसत्या मागे बसून बघता?" मी हो म्हणायचे आणि जिलबी वाढून घ्यायचे. समजावून सांगायला गेलं की जेवण थंड होतं.

आता निवृत्त आहे, तर सांगते. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती. माझ्याकडे श्रीगोंदा तालुक्यातल्या तेरा शाळा होत्या. बहुतेक दोन-दोन शिक्षकांच्या, वस्तीवरच्या, चहूबाजूंनी ऊस. नवीन शिक्षक लागला की तीन वर्षं तो शिक्षणसेवक असतो. मानधन ठरलेलं, नोकरी टांगलेली. तीन वर्षांचं काम समाधानकारक असेल तर तो कायम होतो. ते समाधान कुणाचं, तर वर्गात मागे बसून पाठ बघणाऱ्या माझ्यासारखीचं. नमुन्यात वीस रकाने. प्रस्तावना केली का, हेतू सांगितला का, फळ्यावरचं अक्षर कसं आहे, साधन वापरलं का, गृहपाठ दिला का. रकाने भरायचे, शाळेच्या शेरेबुकात चार ओळी लिहायच्या, खाली सही. शेरेबुकाच्या पानांना नंबर असतात, म्हणजे पान फाडायची सोय नाही. मला मागून सगळे 'लाल पेन' म्हणायचे हे मला ठाऊक होतं. ते मला आवडायचंही, उगाच खोटं कशाला बोलू.

या कामाची पहिली कटकट म्हणजे ठेवणीतला पाठ. माझी स्कूटी इतकी जुनी होती की तिचा आवाज दोन शेतं आधी ऐकू जायचा. तो आवाज आला की कपाटातून तक्ते निघायचे आणि ठेवणीतली साडी काढावी तसा ठेवणीतला पाठ निघायचा. एका नवीन गुरुजींनी 'पाण्याचे उपयोग' शिकवायला घेतलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि मुलांनी उत्साहाच्या भरात दुसऱ्याचं उत्तर दिलं. पुढे गुरुजींनी एक विनोद सांगितला, तर मागची दोन मुलं विनोद यायच्या आधीच हसली. तरीही मी त्यांना वीसपैकी सतरा रकान्यांत 'चांगले' दिलं. अक्षर सुरेख होतं हो त्यांचं.

दुसरी कटकट मोबाईलची. ती आली टाळेबंदीत, आणि तिच्यात माझा हात होता हे आधीच कबूल करते. शाळा बंद होत्या, वरून आदेश होता, आणि मी तोंडाला फडकं बांधून वस्त्यावस्त्यांवर फिरले. "एक बरा मोबाईल घ्या, मुलांचा अभ्यास बुडेल." लोकांनी घेतले. शाळा उघडल्या, अभ्यास मोबाईलमधून निघून परत वर्गात आला, आणि मोबाईलमध्ये गेम राहिला. मग सकाळच्या परिपाठाला पोरं उभ्या उभ्या पेंगायला लागली. एका पोराने प्रतिज्ञा म्हणताना मध्येच "मागनं आला, मार त्याला!" म्हटलं. पालकांच्या सभेत मी तावातावाने बोलायला उभी राहिले की कुणीतरी थंडपणे म्हणायचं, "मॅडम, आमी कुठं घेत हुतो? तुमीच दारात येऊन सांगितलं हुतं." मी खाली बसायचे आणि पाणी प्यायचे.

तर असं सगळं चालू असताना रोहिणी धिंदळे आली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली मुलगी, चोवीस-पंचवीस वर्षांची. तिला शाळा मिळाली आमच्याकडची, उसाच्या फडांमधली, तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. मुख्याध्यापक काळे गुरुजी दुसऱ्या खोलीत पहिली-दुसरी घ्यायचे. रोहिणीचा पहिला पाठ मी पाहिला तो अर्थातच ठेवणीतला होता. पाठ झाल्यावर मी तिला बाहेर कडुनिंबाखाली घेतलं.

"धिंदळे मॅडम, हा पाठ मुलांनी कितव्यांदा ऐकला?"

ती खरं बोलली. "चौथ्यांदा, मॅडम. काळे गुरुजी म्हणाले, असंच करायचं असतं."

"पुढच्या वेळी मला रोजचा वर्ग दाखवा. मी न सांगता येईन."

मी मोठ्या रुबाबात हे म्हणाले. त्या स्कूटीने न सांगता जाऊ द्यायला हवं ना!

पण तिच्या तिसऱ्या वर्षी एकदा योग आला. स्कूटी गॅरेजात होती आणि शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा टेम्पो त्याच शाळेकडे निघाला होता. मी ड्रायव्हरशेजारी बसले. आदल्याच दिवशी एका वस्तीवर पालकांनी मोबाईलच्या गेमवरून माझं डोकं खाल्लं होतं, ते अजून ठणकत होतं. टेम्पोतून उतरते तो तिसरी-चौथीच्या खोलीतून आरडाओरडा.

"मेलो!"

"मी बी मेले! परत मेले!"

आणि हशा.

दारात जाऊन पाहिलं. बाकं भिंतीला लावलेली. फरशीवर खडूने चौकोनांची मोठी वाट आखलेली. पोरं पाटी घेऊन एकेका चौकोनात उभी. कुणी जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक उचलतंय, तिच्या मागे लिहिलेला आकडा वाचतंय, पाटीवर काहीतरी खरडतंय. शेजारचा पाटी तपासतोय आणि ओरडतोय, "मेला, मेला!" मग तो मेलेला हसत हसत खिडकीशी जाऊन बसतोय. रोहिणी फरशीवर मांडी घालून बसलेली, केसांत खडू. फळा कोरा.

मला बघून सगळं जागच्या जागी गोठलं. मी म्हटलं, चालू द्या, आणि भिंतीच्या बाकावर बसून नमुना काढला. प्रस्तावना? नाही. हेतुकथन? नाही. फलकलेखन? कोरं. प्रश्न विचारले? शिक्षिकेने एकही नाही. एकेका रकान्यात फुली मारत गेले, तसतशी माझी सणक वाढत गेली. घरोघरी ज्याच्या नावाने बोंब, तो गेम आता सरकारी फरशीवर! आणि त्यातही एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला आज लाज वाटते. नमुना भरायचा म्हणजे मान खाली असते. त्या वीस मिनिटांत मी पोरांच्या पाट्यांकडे एकदाही पाहिलं नाही.

मी उठले तशी रोहिणी मागून आली. "मॅडम, शेवटची पंधरा मिनिटं थांबता का? शेवटी फळ्यावर घेते मी."

"माझे दिवसाला दोन पाठ असतात, धिंदळे मॅडम. जेवढं पाहायचं तेवढं पाहिलं."

ही आमची पद्धतच होती. पाठ निम्मा झाला की नमुना भरून होतो, मग ऑफिसात चहा, चहाबरोबर शेरा, मग दुसरा वर्ग. पूर्ण पाठ कुणीच बघत नाही. मी चहाचा घोट घेत लिहिलं: 'वर्गात मोबाईलमधील खेळाचे अनुकरण चालू होते. अध्यापन आढळून आले नाही. तातडीने सुधारणा करावी.' खाली सही, तारीख. काळे गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, पोरीचं तिसरं वर्ष हाय हो." मी म्हटलं, "म्हणूनच." आणि रिकाम्या टेम्पोतून परत गेले.

आठवडाभरात त्या पानाचा फोटो सगळ्या गावाच्या मोबाईलवर फिरला. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दत्तूभाऊ. त्यांची तनुजा चौथीला, रोहिणीच्याच वर्गात. तनुजाने घरी मोबाईल मागताना सांगितलं होतं, "आमच्या मॅडम बी शाळेत गेमच घेत्यात." दत्तूभाऊ तरातरा शाळेत गेले, शेरेबुक मागितलं आणि माझ्या लाल अक्षराचा फोटो काढला. मग मला फोन. "मॅडम, तुमीच लेखी दिलंय. आता ह्या बाईला कायम करू नका, आमी समितीचा ठरावच करून देतो. बुधवारी सभा हाय, या."

फोन ठेवला आणि मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शेरा लिहिणं वेगळं आणि एका मुलीची नोकरी जाणं वेगळं. मी सुधारणा करावी असं लिहिलं होतं, घरी पाठवा असं नव्हे. पण ठरावाला माझा शेरा जोडला तर तिच्या अहवालावर 'समाधानकारक' लिहायला कुणाचा हात धजावणार?

बुधवारी सभेच्या तासभर आधीच मी शाळेत पोचले. मधली सुट्टी होती. रोहिणी मला बघून उभी राहिली, नमस्कार केला आणि पुन्हा वह्या तपासायला बसली. तक्रार नाही, रडणं नाही. मला ते जास्तच लागलं. मी बाहेर आले, तर पाण्याच्या टाकीजवळ तनुजा एकटी ताट धूत होती. या मुलीला मी ओळखत होते. नोंदवहीत तिच्या नावापुढे दोन वर्षं 'अप्रगत' होतं. तिसरीत असताना मी तिला ४०२ वजा १५७ विचारलं होतं. तिने ३५५ लिहिलं होतं, म्हणजे वरचा असो की खालचा, मोठ्या अंकातून लहान वजा करून मोकळी. सगळा वर्ग हसला होता, आणि नंतर तिने माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं.

मी मुद्दाम तेच गणित दिलं. म्हटलं, "तनुजा, चारशे दोनमधून एकशे सत्तावन्न गेले तर?"

ती ताट ठेवून ओल्या बोटाने मातीत लिहायला लागली. दोनातून सात जात नाहीत, शेजारी शून्य. ती अडली, काहीतरी लिहिलं, आणि एकदम खुदकन हसून म्हणाली, "मेले!"

"काय झालं?"

"चुकलं. शून्याकडनं घेतलं म्या. शून्याकडं कुठं काय असतंय?" तिने तळहाताने माती सारखी केली. "आता परत जित्ती." पुन्हा लिहायला लागली. "शेकड्याचा एक फोडायचा, त्याचं धा दशक. त्यातला एक दोनाला." आणि मातीत लिहिलं: २४५.

मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. "हे कुठे शिकलीस?"

"गेमातच की. पैल्यांदा पाचशे जीव असतो. पत्रिकंवर आकडा निघंल तेवढा वजा करायचा, ऱ्हायलेला जीव पाटीवर लिवायचा. चुकलं की मरायचं. मग खिडकीत बसून नीट केलं की परत जित्तं." मग तिने मला शहाणपणाने समजावलं, "शेवटला मॅडम फळ्यावर घेत्यात. ज्यानं त्यानं यायचं आन् आपण कुठं मेलो ते दाखवायचं. ज्यो लई येळा मेला, त्यो पैला."

"तू किती वेळा मेलीस?"

"मोजलं न्हाई," ती म्हणाली, आणि ताट उचलून पळाली.

मी तिथेच बसून राहिले. शेवटची पंधरा मिनिटं. प्रस्तावना, हेतू, फलकलेखन, प्रश्न, माझे सगळे रकाने त्या पंधरा मिनिटांत होते आणि मी तेव्हा ऑफिसात चहा पीत होते. सव्वीस वर्षं गणित शिकवलं, अकरा वर्षं दुसऱ्यांचं पाहिलं. पण आपल्या चुकीला हसून पुन्हा पाटी पुसणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. मला माझी अशी चीड आली की सांगता सोय नाही.

सभा भरली. पंधराएक माणसं, बाकांवर कशीबशी बसलेली. रोहिणी दाराशी उभी. दत्तूभाऊंनी ठराव वाचायला सुरुवात केली तेव्हा मी उठले. म्हटलं, "थांबा. तो शेरा चुकीचा आहे."

कुजबुज झाली. दत्तूभाऊ म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच हाय न्हवं?"

"सही माझीच, चूकही माझीच. मी पाठ निम्माच पाहिला आणि निघून गेले. तुमच्याच तनुजाला विचारा, तिला वजाबाकी येते."

तनुजाला बोलावलं. दत्तूभाऊंनी फळ्यावर गणित लिहायला लावलं आणि पंधरा माणसं तिच्याकडे बघायला लागली. पोरीने खडू हातात घेतला आणि जागीच थिजली. एक आकडा लिहिला, पुसला, मग नुसती उभी. मी मनातल्या मनात म्हणत होते, अगं, मर की एकदा, हस आणि परत कर. पण ती तिच्या वर्गात नव्हती, सभेत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा रोहिणी दारातून आत आली, तिच्या हातातून खडू घेतला आणि तिला बाहेर नेलं. सभेत आल्यापासून तिने केलेली ती एकच गोष्ट.

"बघा," दत्तूभाऊ म्हणाले. "न्हाई येत. आन् मॅडम, आमी तुमचा कुठला शेरा खरा धरायचा? तवाचा का आत्ताचा?"

प्रश्न रास्त होता. मी शेरेबुक मागवलं आणि सगळ्यांसमोर पुढच्या पानावर लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं: 'मागील भेटीतील शेरा मी पाठ पूर्ण न पाहता लिहिला होता. तो चुकीचा आहे. श्रीमती धिंदळे यांचे काम समाधानकारक आहे.' आमच्या खात्यात स्वतःच्याच शेऱ्याविरुद्ध शेरा कुणी लिहीत नाही. काळे गुरुजींनी डोळे मिटून घेतले. तासभर वाद झाला. शेवटी कुणीतरी तोड काढली: बाईंच्या विरुद्धचा ठराव मागे घ्यायचा, पण शाळेत गेम कायमचा बंद, असा दुसरा ठराव करायचा. तसा तो झाला. दत्तूभाऊंनी सही केली आणि इतिवृत्तावर तोच मोबाईल धरून त्याचाही फोटो काढला.

रोहिणी कायम झाली. मी स्वतःशी समाधान मानून घेतलं. गेमबद्दल माझं मत बदललं आहे असं मात्र कुणी समजू नये. माझा नातू जेवताना मोबाईल बघतो तेव्हा मी तो अजूनही ओढून घेते, आणि घरात त्यावरून भांडणं होतात. पण मोबाईल पोरांना जे फुकट देतो, म्हणजे चुकून पुन्हा उठायची मुभा, ती आमच्या वर्गात कुठल्या रकान्यात होती? ती एका शिक्षणसेवक मुलीने खडूने आखली आणि मी तिच्यावर लाल फुली मारली.

निवृत्तीच्या आठवड्यात मी त्या शाळेत शेवटचा पाठ पाहायला गेले. स्कूटी दोन शेतं आधीपासून ओरडत होती. रोहिणीचा पाठ निर्दोष होता. प्रस्तावना, हेतू, सुबक तक्ता, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. मुलं घडी घातल्यासारखी बसलेली. कुणी हसलं नाही, कुणी मेलं नाही. मी या वेळी शेवटपर्यंत बसले, घंटा होईपर्यंत. वीसच्या वीस रकाने भरले गेले आणि मला रडू यायला लागलं.

बाहेर मी तिला विचारलं, "रोहिणी, तो खेळ?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठराव आहे ना, मॅडम."

शाल-नारळ घेतला, काळे गुरुजींना नमस्कार केला, गाडी फाटकाबाहेर काढली. तेवढ्यात लक्षात आलं, चष्मा बाकावर राहिला. गाडी तिथेच लावून मी परत वळले. खोलीच्या मागच्या बाजूने येत होते, एवढ्यात आतून बाकं सरकल्याचा आवाज आला. मग रोहिणीचा हळू आवाज, "गेल्या का मॅडम?" आणि कुणा पोराचं उत्तर, "गेल्या, गेल्या." फरशीवर खडू घासत गेला. मग दबलेला, तोंडावर हात धरून केलेला कल्ला.

"मेलो!"

"परत ये, परत ये!"

मी भिंतीला लागून उभी राहिले. अकरा वर्षं तेरा शाळांत मी काय पाहिलं, ते त्या भिंतीपाशी मला नीट कळलं. मी गेल्यावर काय व्हायचं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आत जाऊन बघावंसं फार वाटलं. तनुजा आता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती, पण खिडकीत दुसरं कुणी पाटी पुसत बसलं असेल.

चष्मा राहू दिला. फाटकाशी आले आणि किल्ली लावणार तोच हात थांबला. या गाडीचा आवाज त्या पोरांना चांगलाच ओळखीचा होता. मी शाल-नारळ डिकीत टाकला, स्टँड काढला, आणि डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत गाडी ढकलत नेली.